याची टोपी त्याला!

हर्षद मेहता हे नाव मी प्रथम ऐकले ते बोरिवलीच्या आमच्या चाळीत, सार्वजनिक नळावर. साल १९९२. मी तेव्हा सहावीत होतो. बादल्यांची रांग लावून आमचे अण्णा आणि शेजारचे नाना सिमेंटच्या भावाची चर्चा करीत होते. दोघांपैकी घर बांधायला कोणीच निघाले नव्हते! चर्चा होती एसीसी कंपनीच्या शेअरची. दोनशे रुपयांच्या आसपासचा तो कागद नऊ हजारांच्या घरात जाऊन पोहोचला होता.

हर्षदभाई मूळचे राजकोटकडचे. जन्म १९५४चा. बालपणाची काही वर्षे गेली कांदिवलीत, म्हणजे आमच्या शेजारच्याच स्टेशनात. बी. कॉम. झाल्यावर विमा कंपनीत नोकरी, मग दलालाच्या पेढीवर उमेदवारी आणि पुढे ‘ग्रोमोर’ ही स्वतःची पेढी. वरळीला समुद्रासमोर पंधरा हजार चौरस फुटांचे घर, दिमतीला लेक्सस मोटार! “आपल्यासारख्याच घरातला मुलगा हो,” असे नाना म्हणत, तेव्हा जणू तो त्यांचाच भाचा असावा, असा त्यांचा चेहरा होई.

हा पैसा आला कुठून? वाचकहो, हिशेब सोपा आहे. बँकांना कायद्याने काही रक्कम सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. एखाद्या बँकेला रोखे कमी पडले, की ती दुसरीकडून चार दिवसांसाठी विकत घेई आणि परत करी. चाळीत वाटीभर साखर उसनी आणतात ना, तसेच. मध्यस्थ म्हणजे दलाल. पण पुढे पुढे साखर येईनाशी झाली. ‘साखर आमच्याकडे आहे’ एवढी पावतीच येऊ लागली. आणि साखरेचे पैसे शेजारणीच्या हाती न पडता दलालाच्या खिशात राहू लागले. कराडच्या बँकेने आणि मुंबईच्या मेट्रोपॉलिटन सहकारी बँकेने तर डबा रिकामा असताना पावत्या फाडल्या. या बँकेचे देणे त्या बँकेच्या पैशाने भागवायचे, आणि मधल्या काळात तो पैसा शेअरबाजारात खेळवायचा. भाव चढत होते तोवर सारे साजरे दिसत होते.

२३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त स्टेट बँकेच्या हिशेबातले पाचशे कोटींचे भगदाड उघड केले. २८ एप्रिलला निर्देशांक एका दिवसात सुमारे तेरा टक्क्यांनी कोसळला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने सगळ्या घोटाळ्याचा आकडा चार हजार कोटींवर नेला. कराडची बँक बुडाली. नोव्हेंबरात हर्षदभाईंना अटक झाली. मारुती कंपनीच्या पैशांच्या खटल्यात १९९९ साली पाच वर्षांची शिक्षा झाली आणि २००१ सालच्या शेवटच्या दिवशी, कोठडीत असतानाच, ठाण्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तेचाळीस.

नळावरचा भाचा एका रात्रीत परका झाला. “मला आधीच वास आला होता,” असे नानाच सांगू लागले! मौज अशी, की मधल्या काळात जामिनावर सुटलेले हर्षदभाई वर्तमानपत्रातून शेअरबाबत सल्ले देऊ लागले, तेव्हा ते वाचणारेही पुष्कळ निघाले. टोपी घालणारा एक असतो. पण डोके पुढे करणारे आपण असतो, हे मात्र कोणत्याच चौकशीत नोंदले जात नाही.

आमच्या अण्णांनी ते नोंदले. ताईच्या लग्नासाठी पोस्टात साठवलेले पैसे त्यांनी त्या मार्चमध्ये कोणाला न सांगता शेअरमध्ये घातले होते. मे महिन्यात त्यांचा चतुर्थांशही उरला नाही. ताईचे लग्न दोन वर्षे लांबले. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. हर्षदभाईंना मात्र अण्णांनी कधी शिवी दिली नाही. “त्याने मला बोलावले नव्हते रे, मीच धावत गेलो,” एवढेच म्हणत.

त्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्यांनी पोस्टाच्या पासबुकाशेजारी ते शेअरचे कागदही मांडले. आईने विचारले, “ही रद्दी कशाला?”

हळदकुंकू वाहत अण्णा म्हणाले, “एवढी फी भरलीय, पावती नको का जपून ठेवायला?”