थॅलेसेमिया : लोह जास्त, अँटिऑक्सिडंट कमी

लोखंडी तवा ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी त्याला गंज चढलेला दिसतो. थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या शरीरातही लोह आणि ऑक्सिजन यांचीच भानगड असते. गंज दिसत नाही, नुकसान मात्र पेशींचं होतं.

हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात. बीटा थॅलेसेमिया मेजरमध्ये बीटा साखळ्या फार कमी बनतात किंवा बनतच नाहीत. मग जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या लाल पेशीतच साचतात, तिचं आवरण बिघडवतात आणि पेशी लवकर फुटते. म्हणून या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं.

आता हिशेब बघा. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात येतं. बाहेर जातं किती? दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम! उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. त्यातलं सुटं लोह ऑक्सिजनशी क्रिया घडवून मुक्त मूलके तयार करतं. ही मूलके फार उपद्रवी, समोर येईल त्या पेशीच्या आवरणावर हल्ला करतात. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, उदा. ई जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन. हल्ला सतत चालू राहिला की हा साठा खर्च होत जातो. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. या मुलांच्या रक्तात ई जीवनसत्त्व बरेचदा कमी सापडतं ते यामुळेच.

"मग सर, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्यायच्या ना?" हा प्रश्न वर्गात हमखास येतो. थांबा! क जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं, शिवाय साठलेलं लोह सुटं होतं. मोठी मात्रा हृदयाला धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांनी सांगितलं तरच ते घ्यायचं. मुळात लोहच कमी करायला हवं. त्यासाठी डेफेरासिरॉक्ससारखी औषधे असतात.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती तुम्हाला ठाऊक आहे. चेहरा फिका दिसतो म्हणून ती अशा मुलाला आग्रहाने देऊ नये. त्याचा फिकेपणा लोह कमी पडल्याचा नाही. तुमच्या वर्गात असा मित्र किंवा मैत्रीण असेल तर गोळी नाकारल्याबद्दल चिडवू नका. घरी रोज घ्यायचं त्यांचं औषध लोह बाहेर काढण्यासाठी असतं.