मुगाच्या तोडणीचा दिवस

पहाटे 5. हिवरे बाजार गावात भाद्रपदातला दिवस गोठ्यातच उजाडतो. धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेलं, की घरातली थोरली सून फडक्याची गाठ सोडते. काल सकाळी भिजत घातलेल्या मुगाला बारीक मोड आलेत. कोंबाला खाऊ लागतो, म्हणून दाण्यातले एन्झाइम साठवणीच्या प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडायला घेतात. त्यातून साधारण 2 ते 20 अमिनो आम्लांचे जे तुकडे पडतात, ते पेप्टाइड. काहींत टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, हिस्टिडिन असतं. अख्ख्या प्रथिनाच्या घड्यांत ती दडलेली असतात. सुटी झाली की मुक्त मूलकांना निकामी करू शकतात, लोह-तांब्याचे आयन धरून ठेवतात. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते यालाच.

7. रानात. दव आहे तोवर तोडायचं; ऊन चढलं की काळ्या पडलेल्या शेंगा हात लागताच तडकतात आणि दाणे मातीत जातात.

"हिरव्या नको ओढू गं, पुढच्या तोडीला येतील," आत्याबाई पुढच्या ओळीतून सांगतात.

मूग साठ-पासष्ट दिवसांत हाती येतो आणि पावसावरच निभतो. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, असं ठरवून बसलेल्या गावाला असलंच पीक परवडतं.

12. बाजरीची भाकरी, उसळ, कांदा. शिजताना मुगातले एन्झाइम संपतात. पुढची तोडातोड पोटात पेप्सिन करतं, आतड्यात ट्रिप्सिन.

2. शेंगा अंगणात वाळताहेत, माणसं जरा लवंडलीत. प्रयोगशाळेत प्रथिन तोडायचं हेच काम मोजून होतं. मुगाच्या पिठातून प्रथिन वेगळं काढायचं, त्यावर एन्झाइम सोडायचं, मग तो अर्क डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात घालायचा. जांभळा रंग पिवळ्याकडे जितका उतरेल, तितकी अँटिऑक्सिडंट ताकद जास्त. मोजमाप 517 नॅनोमीटरवर. परीक्षा चोख आहे, पण ती नळीतली. आतड्यात बहुतेक पेप्टाइडांचा आणखी चुरा होतो. दोन-तीन अमिनो आम्लांचे काही तुकडे तेवढे रक्तात पोचतात. त्यामुळे 'सुपरफूड' म्हणून डब्यातून विकल्या जाणाऱ्या भुकटीपेक्षा माझा भरवसा उसळीवर जास्त. ती निदान पोट तरी भरते.

4. वाळलेल्या शेंगा काठीने बडवायच्या, सुपाने पाखडायच्या. दाणा पोत्यात, भुसकट गाईंपुढे. सुपाच्या कडेला खडे आणि किडके दाणे साचतात. ते वेचताना आत्याबाईंची नजर सुनेपेक्षा तेज.

6:30. पुन्हा धारा. मग ओट्यावर रब्बीचा विषय निघतो. पाऊस किती झाला, भूजल किती, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पिकं त्यावर ठरतात. पाणी कमी दिसलं तर गव्हाला कात्री. हरभऱ्याचं बियाणं घरात आहे, राहुरीच्या विद्यापीठाचं 'दिग्विजय'. हरभऱ्याच्या प्रथिनातली पेप्टाइडंही अभ्यासली गेलीत, पण आत्याबाईंचा हिशेब निराळा: "एका पाण्यावर येतो ना? मग हरभराच पेरा."