सोनचाफा : आपल्या अंगणातला मॅग्नोलिया

परदेशी दिनदर्शिकांच्या मार्च-एप्रिलच्या पानांवर एक झाड हमखास भेटते. अंगावर एकही पान नाही आणि फांद्यांच्या टोकांवर मात्र पेल्याएवढी गुलाबी-पांढरी फुले. हा वसंतात फुलणारा मॅग्नोलिया. तो आपल्याकडे लावता येईल का? महाराष्ट्रापुरते उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. या झाडाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात, केसाळ आवरणात थंडीभर झोपून राहतात आणि पुरेशी थंडी सोसल्यावरच नीट उमलतात. दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरांत याच गटातले वृक्ष रानात फुलतात. पुण्या-नागपूरला ती थंडी कुठली? पण हिरमुसण्याचे कारण नाही. आपला सोनचाफा हासुद्धा मॅग्नोलियाच आहे, आणि तो दारात वाढवणे मुळीच अवघड नाही. फक्त त्याचे फूल कुठे येते हे आधी समजून घ्यायला हवे.

'चाफा' हे नाव आपण मराठीत फार सढळ हाताने वाटले आहे. देवळापाशी दिसणारा, फांदी मोडली की चीक गळणारा देवचाफा कण्हेरीच्या कुळातला. भुईचाफा हळद-आल्याच्या कुळातला, तर नागचाफा उंडीचा नातेवाईक. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. घरोघरच्या बागांतून दिसणाऱ्यांपैकी मॅग्नोलियाच्या कुळातले म्हणजे सोनचाफा आणि कवठी चाफा.

हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दाखवता येते. सोनचाफ्याची एक डहाळी वर्गात आणा. पानाचा देठ जिथे फांदीला मिळतो, तिथे फांदीभोवती पूर्ण वेढा घालणारा एक बारीक वळ दिसेल. कोवळे पान कळीत असताना उपपर्ण त्याला टोपीसारखे झाकून ठेवते; पान उमलले की ही टोपी गळते आणि वळ मागे राहतो. वड-पिंपळालाही असाच वळ असतो, पण तिथे पान तोडले की चीक येतो; सोनचाफ्याला येत नाही.

आता फुलाकडे वळू या. थंड देशांतल्या मॅग्नोलियाचे फूल फांदीच्या शेंड्यावर येते. सोनचाफ्याचे फूल पानाच्या बगलेत येते आणि शेंडा पुढे वाढतच राहतो. वनस्पतिशास्त्रज्ञांना हा फरक इतका मोठा वाटला, की सोनचाफ्याला त्यांनी मॅग्नोलियापासून वेगळे काढून 'मायकेलिया' या प्रजातीत घातले. लिनियसने १७५३ मध्ये दिलेले 'मायकेलिया चंपाका' हे नाव जुन्या पुस्तकांतून आजही आढळते. पुढे बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले, की बगलेतले हे फूलदेखील खरे तर एका आखूड फांदीच्या शेंड्यावरच असते! फुलाच्या दांड्यावर भिंग धरा. तिथेही गळून पडलेल्या आवरणांचे बारीक वळ दिसतात. दांडा म्हणजे आखडलेली फांदीच आहे, याची ही खूण. डीएनएच्या अभ्यासानेही जवळचे नाते दाखवले. त्यामुळे या शतकाच्या आरंभापासून बहुतेक शास्त्रज्ञ 'मॅग्नोलिया चंपाका' असे म्हणू लागले.

नावाच्या या वादाचा बागेशी थेट संबंध आहे. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत मॅग्नोलियाची छाटणी जपून करा, केलीच तर फुले येऊन गेल्यावर लगेच करा, असा इशारा असतो. त्या झाडांच्या बाबतीत तो बरोबरच आहे, कारण थंडीत शेंडा कापला तर त्यावरची कळीही गेली. सोनचाफ्याचा हिशेब उलटा आहे. नव्या फुटव्यावरच्या पानांच्या बगलांत कळ्या येणार, तेव्हा नवे फुटवे जितके अधिक तितकी फुले अधिक. रोप कमरेएवढे झाले की शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फुटल्या की त्यांचेही शेंडे खुडावेत. झाड पसरट आणि हाताशी राहते. रानात हा वृक्ष ३० मीटरपर्यंत उंच जातो, हे लक्षात घेतले तर खुडण्याचे दुसरे कारण सांगायला नको. वसई भागातल्या बागांतून चाफ्याची फुले दादरच्या फुलबाजारात येतात, तीही अशाच ठेंगण्या ठेवलेल्या कलमी झाडांची.

कलम घ्यावे की बियांचे रोप, हा निर्णय विकत घेतानाच नीट करायला हवा, कारण चूक कळायला अनेक वर्षे लागतात. बियांच्या रोपाला फूल यायला सात-आठ वर्षे सहज लागतात, कधी त्याहूनही अधिक. फुलणाऱ्या झाडाची फांदी बांधलेले कलम वर्ष-दोन वर्षांत फुलते, कारण ती फांदी वयाने आधीच प्रौढ असते. पिशवीतल्या रोपाच्या बुंध्याशी वीतभर उंचीवर कलमाचा सांधा स्पष्ट दिसला पाहिजे. सांध्याखालून येणारी फूट खुंटाची असते. ती दिसताच काढावी, नाहीतर खुंट शिरजोर होतो.

तरीही शाळेच्या आवारात जागा असेल, तर बियांपासून एखादे रोप जरूर करावे. पिकलेल्या घोसातली एकेक पेटी उकलते आणि आतून लालसर गराने वेढलेल्या बिया डोकावतात. पक्षी त्यांवर टपलेलेच असतात. या बियांत तेल असते आणि वाळल्या की त्या लवकर मरतात. डबीत जपून पुढच्या जूनला पेरू म्हटले, तर काही उगवणार नाही. गर धुऊन काढावा आणि लगेच पेरावे. उगवायला महिना-दीड महिना, कधी अधिकही लागतो. तोवर मुंग्यांपासून राखण हवी.

लागवडीसाठी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात लाल माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा. कोकणात याहून फारसे काही करावे लागत नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत मात्र दोन अडचणी येतात. पहिली, साचणारे पाणी. सोनचाफ्याची मुळे मांसल असतात. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्यांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात. माती ओली असूनही पाने माना टाकत असतील, तर आणखी पाणी घालणे म्हणजे रोगाचेच औषध करणे. अशा जमिनीत फूटभर उंच वरंबा करून त्यावर रोप लावावे.

दुसरी अडचण चुनखडीची. कोवळी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले की लोहाची कमतरता समजावी. गंमत अशी, की मातीत लोह भरपूर असते. पण चुनखडीमुळे माती अल्कधर्मी होते आणि लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते. झाडाला ते शोषता येत नाही. मूठभर कोरड्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहा. फसफस झाली तर चुनखडी आहे. प्रयोगशाळेतला हा साधा प्रयोग झाडाशी जोडला, की मुलांच्या चांगला लक्षात राहतो. अशा जमिनीत फेरस सल्फेट नुसते मातीत मिसळून फारसा उपयोग होत नाही, तेही लवकरच अडकते. लीटरभर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावे. मुळाशी पाचोळ्याचे आच्छादन कायम ठेवावे आणि बुंध्याजवळ कुदळ चालवू नये.

किडींपैकी खवले कीड त्रास देते. देठांवर मुंग्यांची ये-जा वाढली, की तिथे ती असण्याचा संभव मोठा. ओल्या फडक्याने पुसून काढता येते. पानांना कुरतडलेल्या कडा दिसल्या, तर मात्र लगेच औषध आणायला धावू नये. ती बहुधा 'टेल्ड जे' या, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेल्या चपळ फुलपाखराची अळी असते. ती सोनचाफ्याखेरीज सीताफळाची आणि शाळेच्या कुंपणाशी सरळसोट उभ्या असलेल्या खोट्या अशोकाची पानेही खाते. सीताफळ आणि खोटा अशोक एकाच कुळातले, आणि ते कूळ मॅग्नोलियाच्या कुळाचे जवळचे भावंड आहे. पूर्ण वाढलेली अळी हिरवी असते, आणि तिचा हिरवा कोष पानांत असा मिसळून जातो, की शोधायला मोठ्यांपेक्षा मुलांचेच डोळे बरे.