मोटारीची कांती

सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास भिलाई-३ मधल्या एखाद्या गल्लीतून फेरफटका मारला, तर एक दृश्य हमखास दिसते. रात्रभर घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीवर धुळीचा पातळ थर बसलेला असतो. गाड्या पुसण्याचे काम पत्करलेला माणूस खांद्यावरचे कोरडे फडके काढतो, एकदा झटकतो आणि टपापासून बॉनेटपर्यंत भराभर फिरवतो. पाच मिनिटांत गाडी लखलखू लागते. तो पुढच्या दारी जातो, आणि मालक समाधानाने किल्ली हाती घेतो. ह्या व्यवहारात कोणालाच काही वावगे वाटत नाही. मात्र वर्ष-दोन वर्षांनी तीच गाडी उन्हात उभी केली म्हणजे तिच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा दिसू लागतात, आणि रंग उतरल्याचा दोष कधी कारखानदाराला, तर कधी छत्तीसगडच्या उन्हाला दिला जातो. खरा दोष बहुधा त्या कोरड्या फडक्याकडे जातो.

धूळ सगळीकडे असते. परंतु सगळीकडची धूळ सारखी नसते. भिलाईचे नाव पोलादाशी जोडले गेले ते १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारामुळे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतले लोहखनिज येथे वितळू लागले. भारतीय रेल्वेचे रूळ येथे घडतात. शेजारी चरोद्याला मालगाड्यांचे मोठे यार्ड आहे, जामुलला सिमेंटचा कारखाना आहे, आणि रायपूर-दुर्ग रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ अखंड चालते. अशा परिसरातील धुळीत नुसती माती नसावी, हे ओघानेच आले. तीत वाळूचे कण असतात, राख असते, चुन्या-सिमेंटचा अंश असतो, आणि लोखंडाचे सूक्ष्म कणही असतात. रुळावर चाक घासले की लोखंडाचा कीस उडतो. रेल्वेने वाहून नेलेल्या नव्या कोऱ्या मोटारींवरही तो बसत असल्यामुळे मोटारधंद्यातले लोक त्याला ‘रेल्वेची धूळ’ म्हणूनच ओळखतात.

आता ही धूळ ज्या पृष्ठभागावर बसते, त्याची घडण पाहू. आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे चार लेप असतात. पहिला विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक लेप, दुसरा पृष्ठभाग सपाट करणारा अस्तराचा लेप, तिसरा प्रत्यक्ष रंगाचा, आणि सर्वांत वरचा पारदर्शक लेप. ह्या चारही थरांची मिळून जाडी साधारणपणे शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे लिहिण्याच्या एखाद्या कागदाएवढी भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चकाकी देणारा आणि सूर्याच्या अतिनील किरणांना अडवणारा पारदर्शक लेप तर अवघा चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा असतो. उलट वाळूतील गारेचा कण काचेवरही ओरखडा काढू शकतो, इतका कठीण असतो. कोरडे फडके त्या कणांना उचलून नेत नाही. ते त्यांना लेपावर दाबून फरफटत नेते. फडक्याचा पॉलिश कागद होतो तो असा.

ही सवय आली कोठून, हेही समजण्यासारखे आहे. अँबेसेडरच्या जमान्यात बहुतेक गाड्यांवर वेगळा पारदर्शक लेप नसे. रंगच उघडा असे. उन्हाने त्याची वरची साय भुकटीसारखी होई, आणि पॉलिश लावून घासले की ती निघून खालचा ताजा रंग वर येई. घासल्याने गाडी उजळते, हा अनुभव त्या काळी खरा होता. रंगाची रचना बदलली, तरी हाताची सवय बदलली नाही. आज घासण्याने जे जाते ते संरक्षक कवच असते, आणि ते फार झिजले म्हणजे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. मग नव्याने रंग देण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, फडक्याच्या आधी पाणी. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळून डाग धरतो. प्रथम नुसत्या पाण्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत मोटारीसाठी मिळणाऱ्या सौम्य शांपूचे पाणी, दुसरीत निव्वळ पाणी. मऊ, लोकरी बोळा शांपूच्या पाण्यात बुडवून गाडीवर हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवावा आणि पुन्हा शांपूत घालण्यापूर्वी दुसऱ्या बादलीत खळबळून घ्यावा; गाळ तेथेच राहतो. क्रम टपाकडून खाली असावा, कारण सर्वांत अधिक खडी आणि चिखल दरवाजांच्या खालच्या अंगाला असतो. चाकांवर ब्रेकचा लोहकीस साचतो. त्यांच्यासाठी बादली आणि फडके वेगळेच हवे. कपड्यांची धुण्याची पूड वापरू नये. तिच्यातील क्षार आधी लावलेले मेण धुऊन नेतात.

धुणे झाले म्हणजे गाडी आपोआप वाळू देण्याचा मोह टाळावा. ह्या भागातील भूस्तरात चुनखडी विपुल असल्यामुळे विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. थेंब वाळला की मागे चुन्याचे पांढरे वलय राहते, आणि उन्हात ते लेपाला चिकटून बसते. मऊ तंतूंच्या स्वच्छ फडक्याने पाणी टिपून घेतले की हा प्रश्न उरत नाही. वलय पडलेच, तर पुष्कळ पाणी घातलेल्या सिरक्याने ते पुसून लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे.

इतके करूनही पांढऱ्या गाडीवर कधी नारिंगी रंगाचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. मालक घाबरतो, पत्रा आतून गंजू लागला असे त्याला वाटते. बहुधा तसे नसते. लेपात रुतलेले लोखंडाचे कण दमट हवेने गंजलेले असतात. ते नखाने खरवडू नयेत. अशा कणांसाठी थायोग्लायकोलेट हे द्रव्य असलेले द्रावण मिळते. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होते, आणि गाडीच्या अंगावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. हे द्रावण वाळू देऊ नये. सांगितलेल्या मिनिटांनंतर भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. उरलेसुरले कण जपानमध्ये विकसित झालेल्या एका लवचीक मातीच्या वडीने, पृष्ठभाग ओला राखून, अलगद उचलता येतात.

पाखरांच्या विष्ठेबाबत मात्र आठवड्याच्या धुण्याची वाट पाहणे महाग पडते. दुपारच्या तापाने लेप किंचित मऊ होतो, आणि संध्याकाळी तो वाळलेल्या विष्ठेच्या आकारातच आवळतो. शिवाय तिच्यातील आम्लही त्याला बाधते. ओले फडके दोन मिनिटे वर ठेवून ती भिजवावी आणि उचलून घ्यावी.

स्वच्छ झालेल्या अंगाला संरक्षण हवे. ब्राझीलमधील कार्नौबा ताडाच्या पानांवरून मिळणारे मेण चकाकी उत्तम देते; पण आपल्या उन्हाळ्यात ते काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. कृत्रिम लेप काही महिने टिकतात. ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे सिलिकायुक्त लेप अधिक टिकाऊ खरे, परंतु तेही जाडीने फार तर काही मायक्रॉनांचे. पाणी आणि मळ त्यांच्यावरून लवकर निसटतो, इतकाच त्यांचा गुण. ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी ते अडवत नाहीत, आणि कोरड्या फडक्यापासूनही ते गाडीला वाचवत नाहीत. आच्छादनाचेही तसेच. धुळकट गाडीवर घातलेली खोळ वाऱ्याने हलली की तीही घासतच राहते, आणि हवा न खेळणाऱ्या प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

अखेर कांतीचा विचार करताना तिच्याखालच्या पत्र्याला विसरून चालणार नाही. लोखंड हे मूळचे खनिज. झोतभट्टीत त्यातला प्राणवायू हिरावून घेतलेला असतो. पाणी आणि हवा मिळताच लोखंड पुन्हा त्या प्राणवायूशी संगनमत करते. त्यालाच आपण गंज म्हणतो. खडीने पडलेला टवका वेळीच रंगाने बुजवला नाही, तर तेथून हा परतीचा प्रवास सुरू होतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. पावसाळ्यातील चिखलाने ती बुजली की पाणी आत साठते आणि वरून चकचकीत दिसणारा दरवाजा आतून सडत जातो. गाडीच्या तळाचा आणि उंबऱ्याचा पत्रा तर अपघातात माणसांना सांभाळणारा. तो पोखरला, तर प्रश्न शोभेचा राहत नाही. मोसमी पावसानंतर एकदा तळ धुऊन घेणे आणि ही छिद्रे मोकळी करणे, हे वर्षभराच्या पॉलिशपेक्षा मोलाचे काम आहे.

तेव्हा सकाळी फडके घेऊन येणाऱ्या त्या माणसाला दोष देणे न्यायाचे होणार नाही. त्याच्याकडून रोज, पाच मिनिटांत आणि पाण्याशिवाय चकाकी मागितली जाते. तो ती देतो. मागणीच बदलायला हवी. रोज फक्त काचा, आरसे, दिवे आणि क्रमांकाची पाटी ओल्या फडक्याने पुसावी, बाकीच्या अंगावरची धूळ खुशाल राहू द्यावी, आणि आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या पाणी, स्वच्छ फडकी व अर्धा तास द्यावा. त्या अर्ध्या तासाचा मोबदलाही द्यावा. सहा दिवस धुळीने माखलेली गाडी शेजाऱ्यांच्या नजरेत थोडी मळकट दिसेल, हे खरे. परंतु दहा वर्षांनी उन्हात उभी राहील तेव्हा तिच्या अंगावर कोळ्याचे जाळे नसेल.