सायबर-जैवसुरक्षा : एका नव्या संशोधनक्षेत्राची ओळख

रोगजंतू व विषारी जैविक द्रव्ये प्रयोगशाळेबाहेर पडू नयेत अथवा अयोग्य हाती जाऊ नयेत, यासाठी घेतलेली दक्षता म्हणजे जैवसुरक्षा. संगणक व त्यांतील माहिती यांचे परक्या हस्तक्षेपापासून रक्षण करणे म्हणजे सायबर सुरक्षा. ही दोन शास्त्रे दीर्घकाळ स्वतंत्रपणे वाढली. परंतु आज रक्ततपासणीचे यंत्र संगणकाला जोडलेले असते, अहवाल संगणकाच्या जाळ्यातून फिरतो आणि डीएनएचा क्रम ए, सी, जी, टी या चार अक्षरांत साठविला जातो. त्यामुळे एकीकडील दोष दुसरीकडे पोहोचू लागला. २०१८ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी या समान क्षेत्रास 'सायबर-जैवसुरक्षा' हे नाव देऊन त्याची मांडणी केली.

या संशोधनाचे तीन प्रवाह ठळकपणे दिसतात.

पहिला प्रवाह डीएनएचे वाचन करणाऱ्या संगणकांचा. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी संगणकाला द्यावयाची घातक आज्ञा डीएनएच्या अक्षरांत गुंफली व तसा रेणू तयार करवून घेतला. त्याचे वाचन होताच विश्लेषण करणारा संगणक त्यांच्या ताब्यात आला. त्यासाठी संगणकप्रणालीत त्यांनी स्वतःच एक उणीव ठेवली होती, त्यामुळे तातडीने घाबरण्याचे कारण नव्हते. मात्र या क्षेत्रातील अनेक प्रचलित प्रणाली सुरक्षेचे प्राथमिक नियमही पाळत नाहीत, असे त्यांना आढळले.

दुसरा प्रवाह डीएनएच्या निर्मितीचा. संशोधकांनी मागविलेला डीएनए बनवून देणाऱ्या कंपन्या, मागणीत घातक क्रम आहे काय, हे बहुधा तपासून पाहतात. २०२० मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवून दिले, की मागणी करणाऱ्याच्याच संगणकात दुष्ट प्रणाली शिरल्यास त्याच्या नकळत क्रम बदलता येतो. त्यांनी वेश पालटून तयार केलेल्या ५० नमुन्यांपैकी १६ तपासणीतून निसटले. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नव्याने रचलेली विषारी प्रथिनेही अशा चाळणीतून सुटू शकतात, हे दाखविले. स्तुत्य बाब अशी, की निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यांनी संबंधितांच्या सहकार्याने चाळणीत सुधारणा घडवून आणली.

तिसरा प्रवाह आपल्या अगदी निकटचा, म्हणजे रुग्णालये व औषधनिर्मितीचा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० आरोग्य न्यासांचे काम विस्कळीत केले. सुमारे १९,००० रुग्णांच्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज आहे. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'च्या हल्ल्याने मर्क कंपनीचे उत्पादन खंडित झाले आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील प्रतिबंधक लसीसाठी तिला अमेरिकेच्या शासकीय साठ्यातून उसनवारी करावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणकसेवा बंद पडली आणि सुमारे दोन आठवडे बरेचसे काम कागदावर करावे लागले.

यातून मिळणारा बोध साधा आहे. 'वॉनाक्राय'ने ज्या उणिवेचा लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ती अनेक ठिकाणी बसविली गेली नव्हती. धर्मादाय रुग्णालयांना हा धोका अधिक आहे. देणगीतून मिळालेले यंत्र अनेक वर्षे उत्तम चालते, परंतु त्याचा संगणक जुना होत जातो. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. त्याच्या निगराणीच्या खर्चाला मात्र सहसा दाता मिळत नाही.

तपासणी-यंत्रांचे जाळे कार्यालयीन संगणकांपासून वेगळे ठेवणे, नोंदींची एक प्रत जाळ्याबाहेर जपणे, परवलीचा शब्द इतरांस न देणे आणि कागदी नमुने सदैव सिद्ध ठेवणे, हे उपाय फारसे खर्चिक नाहीत. रुग्णाच्या प्रकृतीशी न जुळणारा अहवाल पुन्हा तपासून घेणे ही तर वैद्यकाची जुनीच शिस्त आहे. सायबर घटनेची सूचना सहा तासांच्या आत केंद्रीय यंत्रणेस देण्याचे बंधनही २०२२ पासून लागू झाले आहे.

रुग्ण आपले रक्त आणि आपली माहिती एकाच विश्वासाने रुग्णालयाच्या हाती सोपवितो. नमुन्याची बाटली आपण जितक्या निगुतीने सांभाळतो, तितक्याच निगुतीने त्या बाटलीविषयीची नोंद सांभाळणे हे यापुढे रुग्णसेवेचेच अंग मानावे लागेल. विश्वस्त, कर्मचारी व देणगीदार यांनी अंदाजपत्रक आखताना याचा अवश्य विचार करावा.