‘काहून?’ला जागा देणारी शाळा : श्रद्धा, प्रश्न आणि हातातलं काम

(नाचणगाव इथं शिक्षक आणि पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

समोर गुरुजी बसलेत, बाई बसल्यात, आई-वडील आहेत, मागं दोन-चार आज्याही दिसताहेत. बरं झालं. कारण आजचा विषय एकट्या शिक्षकांचा नाही.

आपल्या वऱ्हाडी बोलीत एक छान शब्द आहे, ‘काहून?’ पोरगं बोलायला लागलं की पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तो शब्द घरभर फिरतो. पाऊस काहून पडते? बैल काहून रवंथ करते? मग ते पोरगं शाळेत जातं आणि चौथीपर्यंत गप्प होतं. चौथीत त्याला उत्तरं येतात, पण प्रश्न येत नाही. हे कसं होतं आणि ते टाळता येतं का, एवढंच आज बोलायचं आहे. त्यातही विषय अशा शाळेचा, जिची सकाळ प्रार्थनेनं सुरू होते. एखाद्या संस्थानाची, मिशनची, मदरशाला जोडलेली, विहाराजवळची. अशा शाळेत पालकांच्या मनात एक भीती असते आणि ती खरी आहे. पोराला प्रश्न विचारायला शिकवलं, तर उद्या ते देवाबद्दलही विचारेल. मग काय करायचं?

त्या भीतीकडे येतो. आधी ‘प्रकल्प’ या शब्दाची अवस्था बघू. आज प्रकल्प म्हणजे काय? रविवारी रात्री आठ वाजता पोरगं सांगतं, उद्या जलचक्राचा प्रकल्प द्यायचा आहे. बाप दुकान उघडायला लावतो, थर्माकोल आणतो, आई चिकटवते, ताई अक्षर काढते, आणि पोरगं झोपतं. सोमवारी त्याला दहापैकी नऊ गुण मिळतात. खरं तर ते नऊ गुण आईचे आहेत.

खरा प्रकल्प ओळखायच्या तीन खुणा सांगतो. पहिली, त्याच्या मुळाशी असा प्रश्न असतो ज्याचं उत्तर मुलाला आधी ठाऊक नसतं. दुसरी, ते उत्तर काढायला हात-पाय हलवावे लागतात : मोजावं, लावावं, विचारावं, चुकावं लागतं. तिसरी, शेवटी चार माणसांसमोर उभं राहून ‘मला हे कसं कळलं’ ते सांगावं लागतं. काय कळलं हे तर सांगायचंच, पण कसं कळलं हे जास्त महत्त्वाचं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी आहे. थोडं आहे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’ हा लेख 1918 साली लिहिला. पण भारतात ती पद्धत रुजवणाऱ्या पहिल्या ठिकाणांपैकी एक कोणतं? पंजाबातल्या मोगा इथली एका ख्रिस्ती मिशनची शाळा. 1920 च्या दशकात विल्यम मॅकी आणि त्यांचे सहकारी तिथं गावच्या शाळांसाठी शिक्षक तयार करत होते. घर, शेत, बाजार हेच तिथले धडे. म्हणजे श्रद्धेवर उभी राहिलेली शाळा आणि शोध घेणारं मूल, ही जोडी आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे.

आणि दुसरं ठिकाण तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937. वर्ध्याला मारवाडी विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, अध्यक्ष गांधीजी. त्यांनी मांडलं की सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानं व्हावं. समोर जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन बसले होते. ते उठले आणि आदरानं, पण स्पष्ट बोलले. ही कल्पना अगदीच नवी नाही, अमेरिकेत तिला प्रोजेक्ट पद्धत म्हणतात, रशियात आणखी एक नाव आहे. आणि सगळेच विषय टकळीतून शिकवता येतील असं नाही. प्रा. के. टी. शाह यांनीही शाळा स्वावलंबी करण्यावर आक्षेप घेतला. आता बघा, गांधीजींनी काय केलं? ज्यांनी शंका काढली त्या झाकिर हुसेन यांच्याकडेच समितीचं अध्यक्षपद आलं, आणि शाह त्या समितीचे सदस्य झाले. माझ्या मते वर्धा योजनेचा पहिला धडा तोच आहे. शंका विचारणाऱ्याला दाराबाहेर काढायचं नाही, त्याला कामाला लावायचं.

पुढं सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला. तो चालवणारी माणसं कोण? आर्यनायकम हे सिलोनचे ख्रिस्ती, आशादेवी बंगाली, दोघंही शांतिनिकेतनातून आलेले. नंतर मार्जरी साईक्स आल्या, त्या क्वेकर. आश्रमाच्या प्रार्थनेत बौद्ध मंत्र, उपनिषद, कुराण, सगळं एकत्र. पण गमत अशी, की वर्धा योजनेच्या अभ्यासक्रमात धर्मशिक्षणाचा तास ठेवलाच नव्हता. आज ज्या रीतीनं धर्म शिकवले जातात त्यानं एकी न होता भांडणं होतील, ही गांधीजींची भीती. सर्व धर्मांतलं समान सत्य मात्र मुलांपर्यंत पोचावं, असं ते म्हणत. म्हणजे प्रार्थना होती, श्रद्धा होती, पण परीक्षेला बसवलेला देव नव्हता.

नई तालीमचा गाभा ‘समवाय’ या शब्दात आहे. काम आणि विषय यांची सांगड. उदाहरण आपल्या शेतातलंच घेऊ. सहावीच्या प्रत्येक गटाला 100 ग्रॅम कापूस द्या. हातानं सरकी वेगळी काढा, रुई आणि सरकी वजन करा. रुई साधारण 33 ते 35 ग्रॅमच्या आसपास भरेल. एका गटाचे 30 येतील, दुसऱ्याचे 37. इथंच शाळा सुरू होते. फरक काहून पडला? काटा चुकला? सरकीला रुई चिकटून राहिली? कापूस ओला होता? मग एका क्विंटलात रुई किती? झाला शेकडेवारीचा धडा. जिनिंगवाला भाव कशाचा लावतो? झालं अर्थशास्त्र. 1861 ते 65 अमेरिकेत यादवी युद्ध झालं तेव्हा आपल्या कापसाला एवढा भाव काहून आला? झाला इतिहास. आणि पुलगावाला पुलगाव काहून म्हणतात, ते मी सांगत नाही. ते पोरांनी म्हाताऱ्यांना विचारून यावं.

आता ती भीती. श्रद्धेच्या शाळेत प्रश्न कुठवर? मी मुलांना प्रश्नांच्या तीन पिशव्या करायला सांगतो. पहिल्या पिशवीत मोजून कळणारे प्रश्न. दुसरीत माणसांना विचारून, वाचून कळणारे. तिसरीत असे, की ज्यांची सोबत आयुष्यभर करावी लागते.

एक प्रश्न घेऊ : सण दरवर्षी काहून सरकतात? महिनाभर रोज संध्याकाळी मुलांनी आकाश बघायचं आणि वहीत चंद्र काढायचा. पोळ्याच्या रात्री चंद्र दिसतो का? नाही, कारण अमावस्या. बुद्धपौर्णिमेला? पूर्ण. बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात सुमारे 354. सूर्याचं वर्ष 365 चं. दरवर्षी 11 दिवसांची तूट. हिंदू पंचांग साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ती भरून काढतं. हिजरी वर्ष ती भरत नाही, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात, कधी हिवाळ्यात येतो आणि 33 वर्षांनी परत त्याच ऋतूत. नाताळ सूर्याच्या वर्षावर चालतो म्हणून 25 डिसेंबरलाच. ही सगळी पहिली पिशवी.

मग मुलं दुसऱ्या पिशवीकडे जातात : तुमच्या घरी हा सण कसा करतात? शेजारच्या घरी? आजीला विचारतात, मौलवींना, फादरना, भन्तेजींना विचारतात. आणि तिसऱ्या पिशवीत एखादी पोरगी लिहून टाकते, ‘देव असेल तर माझी आजी काहून गेली?’ इथं शिक्षकानं घाईनं उत्तर द्यायचं नाही. हसायचं नाही, रागवायचंही नाही. ‘हा माझाही प्रश्न आहे’ एवढं म्हणून तिच्याजवळ बसायचं. जी शाळा तिसरी पिशवी उघडू देत नाही, तिथली श्रद्धा पाठांतर होऊन बसते. आणि जी शाळा पहिल्या पिशवीतल्या प्रश्नांना तिसऱ्या पिशवीतली उत्तरं देते, तिथलं विज्ञान मरतं.

हे आपल्याला परकं नाही. गाडगेबाबांचं कीर्तन आठवा. ते समोरच्या लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. आणि संविधानानं 51 क मध्ये शोधक बुद्धी हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्यच सांगितलं आहे.

आता एका आईचा प्रश्न, मघाशी चिठ्ठीवर आला. ‘आम्ही वावरात राबतो. पोरानं शाळेतही राबावं का?’ ताई, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नई तालीमच्या बऱ्याच शाळा पुढं याच ठिकाणी अडकल्या. झाकिर हुसेन समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटं हस्तोद्योगाला होती. अनेक ठिकाणी सूत उरलं, सूतातून शिकणं गेलं. शिकलेल्यांनी आपली मुलं दुसऱ्या शाळेत घातली आणि टकळी गरिबाच्या पोराच्या हाती राहिली. म्हणून माझी कसोटी साधी आहे. काम संपल्यावर मुलाच्या वहीत नवा हिशेब, नवा शब्द, नवा प्रश्न आला का? आला, तर ते शिक्षण. नाही आला, तर ती मजुरी, आणि तुम्ही शाळेला जाब विचारायलाच हवा. सेवाग्रामला 2005 पासून पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळा इथून काही फार लांब नाही. एकदा जाऊन तिथली भाजीची वाफे आणि मुलांच्या वह्या, दोन्ही बघून या.

गुणांचं काय, असंही विचाराल. ज्यानं कापूस तोलून शेकडेवारी काढली, त्याला पेपरातली शेकडेवारी परकी वाटत नाही. पण वेळ लागतो, हे मान्य करावं लागेल. म्हणून सगळी शाळा एकदम बदलू नका. आठवड्यात एक दुपार काढा. वर्गात एक पाटी टांगा, तिच्यावर ‘काहून?’ लिहा आणि मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत खाली मांडा. महिन्यातून एकदा त्यातला एक निवडा आणि मागे लागा. महिन्याच्या शेवटी पालकांना बोलवा, पोरांनी सांगावं, तुम्ही ऐकावं.

आणि घरी? उद्या पोरानं ‘काहून?’ विचारलं आणि तुम्हाला येत नसलं, तर ‘गप बस’ म्हणू नका. ‘मलेबी नाही माहीत, चल पाहू’ म्हणा. बस, तेवढं झालं तरी माझं आजचं येणं कारणी लागलं.