हेलिकॉप्टर पडते तेव्हा

मालाडहून मार्व्याच्या अंगाने मढला जाणारा रस्ता जिथे संपतो, तिथे समुद्रावर एक जुना किल्ला उभा आहे. कोणी त्याला मढचा किल्ला म्हणतात, कोणी वेसाव्याचा. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. मालाडच्या बाजूला मार्व्याजवळ नौदलाचे 'हमला' हे ठाणे आहे, आणि दक्षिणेला कुलाब्याला नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा 'शिक्रा' हा तळ आहे. तेव्हा मढच्या कोळ्यांना गणवेश नवा नाही, आणि समुद्रावर घरघरत जाणारे हेलिकॉप्टरही नवे नाही.

याच मुंबईच्या समुद्रात ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे एक 'ध्रुव' हेलिकॉप्टर पाण्यावर उतरवावे लागले. नेहमीचे उड्डाण होते. एकाएकी यंत्राची शक्ती गेली आणि उंची भराभर घटू लागली. वैमानिकाने धीर न सोडता ते लाटांवर टेकवले. नौदलाच्या गस्ती नौकेने तिघांनाही सुखरूप उचलून आणले. त्या दिवशी तीन घरांतले दिवे विझायचे वाचले. सगळ्यांच्या नशिबी असे नसते.

तुम्ही म्हणाल, आपण शेतकरी माणसे, आपला हेलिकॉप्टरशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा बुडालेल्या माणसांचा शोध नौदल आणि तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी घेतला. २०१९ साली कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापूर वेढले, २०२१ साली चिपळूण बुडाले, तेव्हाही लष्करी मदत धावून आली. त्याच २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावरच्या २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने वाचवले. शिवाय आपल्या सातारा, कोल्हापूर, नगरकडच्या कितीतरी घरांतला एक तरी मुलगा फौजेत असतो, आणि बर्फातल्या चौकीवरून आजारी जवानाला खाली आणायला हेच वाहन जाते.

आता या वाहनाचे दुखणे समजून घेऊ. विमानाला पंख असतात. इंजिन बंद पडले तरी ते काही अंतर तरंगत जाते. हेलिकॉप्टरचा सगळा भार माथ्यावरच्या फिरत्या पात्यांवर. बैलगाडीचे चाक जसे कण्याच्या टोकाच्या एका खिळीवर टिकते, तसाच हा प्रकार आहे. इंजिन गेले तर खालून वर येणाऱ्या वाऱ्यावर पाती फिरती ठेवून उतरता येते. पण त्याला पुरेशी उंची किंवा वेग लागतो. आणि सुटकेच्या कामात हेलिकॉप्टर तर घराच्या छपरावर, जहाजाच्या डोक्यावर, अगदी खाली एका जागी थांबलेले असते! ज्या गुणासाठी त्याला बोलावतात, तोच त्याचा घात करतो. डोंगरात हवा विरळ, म्हणून पात्यांना उचल कमी. दऱ्यांत ढग अचानक उतरतात. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि इतर बाराजण ज्या अपघातात सापडले, त्याच्या चौकशीत हेच निघाले: हवामान अनपेक्षित बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले आणि वैमानिकाचे दिशेचे भान सुटले.

कधी घात आपल्याच हातून होतो. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मिरात बडगामला एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये होते. बालाकोटच्या हल्ल्याचा तो दुसरा दिवस, आकाशात चकमक चाललेली. श्रीनगरच्या तळावरून सुटलेले आपलेच क्षेपणास्त्र त्या हेलिकॉप्टरवर आदळले. हवाई दलाचे सहाजण आणि खाली जमिनीवरचा एक गावकरी असे सातजण गेले. गोदावरीच्या काठी निनादना निरोप द्यायला नाशिक लोटले होते. हवाई दलप्रमुखांनी ऑक्टोबरात ही मोठी चूक असल्याचे उघड कबूल केले. हे कबूल करणे सोपे नव्हते. पण घरच्यांना मधले सात महिने काढावे लागले, तेही विसरू नये.

जुनी यंत्रे हा आणखी एक विषय. चेतक आणि चीता ही हेलिकॉप्टरे मूळ फ्रेंच बनावटीची, चेतक तर १९६० च्या दशकापासून सेवेत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेलीला चीता पडून तीन तरुण अधिकारी गेले. त्यानंतर सैन्याधिकाऱ्यांच्या पत्नी एकत्र आल्या आणि २०१५ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांना भेटून म्हणाल्या, ही हेलिकॉप्टरे आता काढा. कुंकवाच्या धन्यासाठी नवस न करता त्यांनी मंत्र्याचे दार ठोठावले, याचे आम्हाला मोठे कौतुक वाटते.

नवे यंत्रही निर्दोष नसते. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव पडून तिघे गेले. वैमानिकाच्या हातची हालचाल पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी तुटल्याचे आढळले. तीनशेहून अधिक ध्रुव जमिनीवर थांबवण्यात आले. भूदल आणि हवाई दलाच्या ध्रुवांना मे महिन्यात पुन्हा परवानगी मिळाली.

आता घराघराच्या उपयोगाची गोष्ट. युद्धात शत्रूकडून मृत्यू आला तर केंद्राचे सानुग्रह अनुदान २०१६ पासूनच्या दराने ४५ लाख. कर्तव्यावर असताना अपघाती मृत्यू आला तर २५ लाख. निवृत्तिवेतनाचेही प्रकार वेगळे. मृत्यूची नोंद कोणत्या सदरात झाली यावर पुढचे सारे ठरते, म्हणून चौकशीचा निकाल आणि नोंदीचा कागद मागून घ्यावा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन तो समजून घ्यावा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. भाऊबंदांपैकी कोणी शहाण्याने पुढे व्हावे.

पोरबंदरलाच त्याआधी, २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री, एका तेलवाहू जहाजावरच्या माणसाला आणायला निघालेले ध्रुव समुद्रात पडले होते. दोघांचे देह लवकर मिळाले. वैमानिकाचा मिळेना. तटरक्षक दल आणि नौदलाने शोध सोडला नाही. १० ऑक्टोबरला, अडतीस दिवसांनी, किनाऱ्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर तो सापडला. गेलेल्या होडीची वाट पाहत बंदरावर बसणे म्हणजे काय, हे मढच्या कोळणींना कोणी सांगायला नको.